स्फटिकाची पारख

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावे एकाच रेल्वेमार्गावर आहेत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. या मार्गाने एका बाजूला कल्याणवरून मुंबईला जाता येते. दुसऱ्या बाजूला कर्जतवरून घाट चढून पुण्याला जाता येते. तुमच्या घरातले कोणी ना कोणी रोज या मार्गाने कामाला जात असेल. आज आपण ज्या कामाची माहिती घेणार आहोत, त्यातले पुष्कळसे काम याच मार्गाच्या दोन टोकांना झाले आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे आणि पवईला आयआयटी आहे. पुण्यात खगोलशास्त्राचे संशोधन करणारी 'आयुका' ही संस्था आहे. या संस्थांतील शास्त्रज्ञांनी एका स्फटिकाकडून आकाशातील किरणांची मोजदाद करून घेतली. त्यांपैकी एका शास्त्रज्ञाची, डॉ. वरुण भालेराव यांची, ओळख आपण या पाठात करून घेऊ.

पाठाचे नाव आहे 'स्फटिकाची पारख'. पारख हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत आपण 'परख' म्हणतो, मराठीत 'पारख' म्हणतात. सोनार सोने विकत घेण्यापूर्वी कसोटीच्या दगडावर घासून पाहतो. बाजारातील काट्यावर आणि वजनांवर सरकारी शिक्का आहे की नाही, हे शहाणा गिऱ्हाईक आधी पाहतो. काटाच खोटा असेल, तर त्यावर तोललेला माल खरा कसा म्हणावा? शास्त्रज्ञाचेही तसेच आहे. त्याच्याजवळचे उपकरण हाच त्याचा काटा. त्या काट्याची पारख आधी, आणि मोजणी नंतर.

आता हे किरण कोणते ते पाहू. हात मोडला की डॉक्टर क्ष-किरणांनी हाडाचे छायाचित्र काढतात. हे किरण जर्मन शास्त्रज्ञ राँटजेन यांनी १८९५ साली शोधून काढले. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण मांसातून आरपार जातात आणि हाडापाशी अडतात. असेच क्ष-किरण आकाशातूनही येतात. कृष्णविवराभोवती फिरणारा तप्त वायू, न्यूट्रॉन तारे आणि स्फोट होऊन मरणारे तारे हे किरण बाहेर टाकतात. क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेच्या किरणांना गॅमा किरण म्हणतात. पृथ्वीभोवतालची हवा हे दोन्ही किरण वरच्या वर अडवते. ही आपल्यावर निसर्गाची मोठीच मेहेरबानी आहे. परंतु त्यामुळे या किरणांचा अभ्यास जमिनीवरून करता येत नाही. त्यासाठी उपकरण उपग्रहात बसवून हवेच्या वर न्यावे लागते.

उपकरणात काय असते? विजेच्या दृष्टीने पदार्थांचे तीन प्रकार तुम्ही शिकला आहात. तांब्यातून वीज सहज वाहते. काचेतून ती वाहत नाही. या दोहोंच्या मधले पदार्थ म्हणजे अर्धवाहक. तुमच्या उर्दू पुस्तकात त्यांना 'नीम मोसिल' म्हटलेले असते. अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन एरवी आपापल्या जागी बांधलेले असतात. बाहेरून क्ष-किरणाचा एक कण येऊन आदळला, की त्याच्या ऊर्जेने हजारो इलेक्ट्रॉन मोकळे होतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन सुटला की मागे एक रिकामी जागा उरते. तिला 'होल' म्हणतात. स्फटिकाच्या दोन्ही बाजूंना विजेचा दाब दिला, तर इलेक्ट्रॉन एकीकडे आणि होल दुसरीकडे सरकतात. तारेत विजेचा एक छोटासा झटका उमटतो. तो झटका म्हणजेच किरण आल्याची खबर.

नुसती खबर मिळून भागत नाही. आलेल्या किरणाची ऊर्जा किती होती, हेही कळावे लागते. त्यासाठी एक सोपा हिशेब आहे. ज्या स्फटिकाविषयी आपण वाचत आहोत, त्यात इलेक्ट्रॉन आणि होलची एक जोडी मोकळी करायला सुमारे ४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खर्च होते. साठ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण आला, तर सुमारे १३ हजार जोड्या सुटतील. म्हणजे जोड्या मोजल्या की ऊर्जा कळली. खिशातले पैसे मोजावेत, तसेच हे.

तुमच्या मोबाइलमधील आणि संगणकातील बहुतेक चिप सिलिकॉन या अर्धवाहकाच्या असतात. मग सिलिकॉनच का वापरू नये? सिलिकॉनचा अणू हलका आहे. त्याचा अणुक्रमांक १४. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण त्यातून आरपार निघून जातात. जर्मेनियम हा दुसरा अर्धवाहक किरणांना बऱ्यापैकी अडवतो. पण तो अतिशय थंड ठेवावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजन वापरतात. उपग्रहात ही सोय करणे अवघड असते. म्हणून शास्त्रज्ञांनी कॅडमियम, जस्त आणि टेल्युरियम ही तीन मूलद्रव्ये एकत्र करून 'कॅडमियम झिंक टेल्युराइड' हा स्फटिक तयार केला. कॅडमियमचा अणुक्रमांक ४८ आणि टेल्युरियमचा ५२. असे जड अणू किरणांना चांगले अडवतात. शिवाय हा स्फटिक आपल्या खोलीच्या तापमानाच्या जवळपासही काम देतो.

एवढा गुणी स्फटिक, पण त्यातही खोट असतेच. तो वाढवणे फार कठीण असते. कुठे परका अणू शिरतो, कुठे रचना बिघडते. अशा ठिकाणी वाटेने चाललेले इलेक्ट्रॉन आणि होल अडकून पडतात. होल तर मुळातच संथ चालतात. १३ हजार निघाले आणि १२ हजारच पोहोचले, तर किरणाची ऊर्जा खऱ्याहून कमी भरेल. बरे, एकाच स्फटिकाच्या दोन शेजारच्या भागांतही हा फरक सारखा नसतो. मग खरे कसे कळावे? त्याचा उपाय एकच. ज्याची ऊर्जा आपल्याला नेमकी ठाऊक आहे, असा किरण स्फटिकावर सोडायचा आणि स्फटिक काय सांगतो ते पाहायचे. अमेरिसियम नावाच्या किरणोत्सारी मूलद्रव्यातून जवळजवळ साठ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण निघतात. स्फटिकाच्या प्रत्येक भागाने साठ हजारांच्या जागी किती सांगितले, हे टिपून ठेवले, की त्याची चूक किती आणि कोणत्या बाजूची ते समजते. चूक ठाऊक असली की ती दुरुस्त करता येते. ठाऊक नसलेली चूक मात्र फसवते.

डॉ. वरुण भालेराव यांच्या संशोधनाची सुरुवात अशाच पारखीने झाली. त्यांनी मुंबईच्या आयआयटीत शिक्षण घेतले आणि पुढील संशोधनासाठी ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत गेले. तेथे त्यांना दोन मार्गदर्शक लाभले. एक फियोना हॅरिसन आणि दुसरे श्रीनिवास कुलकर्णी. श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडचा. हॅरिसन यांच्या नेतृत्वाखाली त्या वेळी 'नूस्टार' नावाच्या उपग्रहाची तयारी चालू होती. जास्त ऊर्जेचे क्ष-किरण आरशांनी एकत्र आणून त्यांचे चित्र घेणारा हा पहिला उपग्रह. त्याच्या दोन दुर्बिणींमध्ये प्रत्येकी चार, असे कॅडमियम झिंक टेल्युराइडचे आठ शोधक बसवायचे होते. या शोधकांची पारख हा भालेराव यांच्या प्रबंधाचा एक भाग होता. दुसरा भाग होता न्यूट्रॉन ताऱ्यांचे वस्तुमान मोजण्याचा. २०१२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी १३ जूनला नूस्टार आकाशात गेला.

त्यानंतर भालेराव भारतात परतले. पुण्याच्या आयुकात त्यांनी काम केले आणि पुढे ते पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. भारतात त्या वेळी 'ॲस्ट्रोसॅट' या उपग्रहाची तयारी चालू होती. त्यावरील एका उपकरणात तोच स्फटिक होता. मुंबईच्या टाटा संस्थेतील प्रा. ए. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली हे उपकरण तयार झाले. आयुकातील प्रा. दीपांकर भट्टाचार्य आणि त्यांचे सहकारी, तसेच अहमदाबाद, तिरुवनंतपुरम आणि बंगळूर येथील संस्था या कामात सहभागी होत्या. विज्ञानातले मोठे काम एकट्यादुकट्याने होत नसते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवा.

या उपकरणात स्फटिकाच्या ६४ चौकोनी वड्या आहेत. प्रत्येक वडी सुमारे ४ सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि ५ मिलिमीटर जाड. तिचे २५६ बारीक चौकोन केलेले असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. ६४ ला २५६ ने गुणा. उत्तर येईल १६,३८४. इतक्या पिक्सेलांची उड्डाणापूर्वी तपासणी झाली. काही पिक्सेल किरण नसतानाही उगाच खबर देत. असे गोंगाट करणारे पिक्सेल हेरून बंद ठेवावे लागतात. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यात तयार कपड्याची प्रत्येक शिवण तपासणारा कामगार तुम्ही पाहिला असेल. एक धागा सुटलेला दिसला तरी तो कपडा बाजूला काढतो. येथेही काम तेच. फरक एवढाच, की उपग्रह एकदा वर गेला की दुरुस्तीसाठी परत येत नाही. म्हणून अमेरिसियमचे लहान उगमही उपकरणाबरोबर वर पाठवले आहेत. आकाशात असतानाही स्फटिकाची पारख चालू राहावी, हा त्यामागचा हेतू.

या उपकरणाला आरसे नाहीत. मग किरण कोणत्या दिशेने आला, हे कसे समजणार? त्यासाठी स्फटिकांच्या वर टँटलम या जड धातूची एक जाळी बसवली आहे. जाळीच्या भोकांतून किरण खाली येतात आणि धातूची सावली स्फटिकांवर पडते. सावली कोणत्या बाजूला सरकली यावरून उगमाची दिशा काढतात. या युक्तीचे मूळ फार जुने आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इब्नुल हैसम या शास्त्रज्ञाने अनेक दिवे एका भोकासमोर ठेवले आणि अंधाऱ्या खोलीत त्यांचा प्रकाश कोठे कोठे पडतो ते पाहिले. प्रत्येक दिव्याचा प्रकाश आपापल्या जागी वेगळा पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा झाला. प्रकाश भोकातून सरळ रेषेत जातो, हे त्याने केवळ सांगितले नाही, तर पडताळून दाखवले. जाळीचे हे उपकरणही याच नियमावर उभे आहे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून ॲस्ट्रोसॅट आकाशात गेला. पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून तो फिरू लागला. ६ ऑक्टोबरला स्फटिकांचे हे उपकरण सुरू झाले आणि त्याच दिवशी त्याला एक गॅमा-किरण स्फोट दिसला! हे स्फोट थोड्याच वेळाचे असतात आणि कधी होतील हे कोणी सांगू शकत नाही. पहिल्याच दिवशी शास्त्रज्ञांना आपल्या मेहनतीचे फळ मिळाले.

परंतु या उपकरणाची खरी कसोटी २०१७ साली लागली. ४ जानेवारी २०१७ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या वेधशाळेने गुरुत्वीय लहरी टिपल्या. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळून गेल्यामुळे त्या निर्माण झाल्या होत्या. जगभरचे शास्त्रज्ञ आपापल्या दुर्बिणी घेऊन आकाशाच्या त्या भागाचा शोध घेऊ लागले. हवाई बेटांवरील 'ॲटलास' या दुर्बिणीला तेथे एक नवा प्रकाश दिसला. तो भराभर मंद होत होता. कृष्णविवरांच्या त्या घटनेचाच हा प्रकाश असेल काय? तसे असते, तर तो फार मोठा शोध ठरला असता.

डॉ. भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲस्ट्रोसॅटच्या नोंदी तपासल्या. लहरी आल्या त्या क्षणी स्फटिकांनी काहीही टिपलेले नव्हते. पुढे पाहिले, तर एक दिवस पूर्ण होण्याच्या आत, ५ जानेवारीला, एका गॅमा-किरण स्फोटाची खूण सापडली. गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश यांचा वेग सारखाच असतो. एकाच घटनेतून एकाच वेळी निघालेल्या या दोन गोष्टी इतक्या अंतराने येणार नाहीत. हवाईत दिसलेला प्रकाश हा या दुसऱ्या स्फोटाचा मागे उरलेला उजेड होता. म्हणजे घटना दोन होत्या. आकाशाच्या एकाच भागात त्या लागोपाठ दिसल्या, इतकेच. इतर उपकरणांनीही हा स्फोट नोंदवला होता.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. सर्वांना 'होय' ऐकायचे असते, तेव्हा 'नाही' म्हणणे सोपे नसते. 'आम्हांला त्या क्षणी काही दिसले नाही' असे कोणी म्हणाले, तर लोक लगेच विचारतील, "तुमचे उपकरण तरी ठीक चालते का?" या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ तयार आहे, त्याच्याच 'नाही' ला किंमत असते. ते उत्तर ऐन वेळी तयार करता येत नाही. स्फटिकाचा प्रत्येक चौकोन तपासण्यात जे महिने जातात, त्यांतूनच ते तयार होते.

याच पारखीचे आणखी एक फळ नोव्हेंबर २०१७ मध्ये दिसले. वृषभ राशीत 'क्रॅब' नावाचा एक न्यूट्रॉन तारा आहे. त्याच्या क्ष-किरणांची कंपने कोणत्या दिशेने होतात, याचे मोजमाप अहमदाबादचे डॉ. संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच उपकरणाने केले आणि ते प्रसिद्ध केले. हे मोजमाप करता येईल की नाही, याचे प्रयोग त्यांनी उपग्रह उडण्यापूर्वीच जमिनीवर करून ठेवले होते.

मात्र चांगल्या उपकरणालाही मर्यादा असतात आणि त्या मान्य कराव्या लागतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी पृथ्वीवर पोहोचल्या. त्यांच्यामागोमाग गॅमा किरणही आले. परंतु त्या वेळी ॲस्ट्रोसॅट आणि ती घटना यांच्या मध्ये पृथ्वी आडवी होती. स्फटिकांना ते किरण दिसणे शक्यच नव्हते. एका उपग्रहाला एका वेळी सगळे आकाश दिसत नाही. म्हणून डॉ. भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'दक्ष' नावाची योजना मांडली आहे. तिच्यात दोन उपग्रह पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंनी फिरतील, अशी कल्पना आहे. एकाला जे दिसणार नाही, ते दुसऱ्याला दिसेल. या उपग्रहांतही कॅडमियम झिंक टेल्युराइडचे शोधक असावेत, असा विचार आहे.

ॲस्ट्रोसॅट पाच वर्षे काम करील, अशा हिशेबाने तो बनवला होता. २०२५ साली त्याला आकाशात दहा वर्षे पूर्ण झाली. स्फटिकांच्या या उपकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत ६०० गॅमा-किरण स्फोट टिपले होते.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत असे स्फटिक नसतील. पण ॲमीटर आहे, तापमापी आहे, ताणकाटा आहे. पुढच्या वेळी प्रयोग करताना ताणकाट्याला काही टांगण्यापूर्वी त्याचा काटा शून्यावर आहे का, ते पाहा. नसेल तर किती सरकला आहे, ते वहीत लिहा आणि मगच मोजायला लागा. वर्गातील सर्वांचे उत्तर एक आणि तुमचे वेगळे आले, तरी घाईने खोडू नका. आधी उपकरण तपासा, मग प्रयोग पुन्हा करा. तरीही तेच उत्तर आले, तर ते निर्भयपणे शिक्षकांना सांगा. शास्त्रज्ञ होण्याची पहिली पायरी हीच आहे, आणि ती चढायला मुंबईला किंवा पुण्याला जावे लागत नाही.

शब्दार्थ
पारख – परीक्षा, परख. कसोटी – सोने तपासण्याचा दगड, परीक्षा. खोट – दोष, उणीव. मोजदाद – गणती. शोधक – किरण ओळखणारे उपकरण. प्रबंध – संशोधनाचा मोठा लेख. पडताळणे – खरे-खोटे तपासणे. दक्ष – सावध.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आकाशातील क्ष-किरणांचा अभ्यास जमिनीवरून का करता येत नाही?
(आ) ॲस्ट्रोसॅटवरील उपकरणात एकूण किती पिक्सेल आहेत?
(इ) जाळी कोणत्या धातूची बनवली आहे?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सिलिकॉनऐवजी कॅडमियम झिंक टेल्युराइड का वापरले?
(आ) अमेरिसियमच्या साहाय्याने स्फटिकाची पारख कशी करतात?
(इ) जानेवारी २०१७ मधील दोन घटना वेगळ्या होत्या, हे कशावरून ठरले?

३. 'ठाऊक नसलेली चूक मात्र फसवते' या वाक्याचा अर्थ तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

४. वाक्यात उपयोग करा: कसोटी लागणे, ध्यानात ठेवणे, आरपार जाणे, मेहनतीचे फळ मिळणे.

५. उपक्रम: एका जाड पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा. अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर दोन लहान विजेऱ्या ठेवा आणि मागे पांढरा कागद धरा. एक विजेरी झाकल्यावर काय होते, ते मराठीत पाच वाक्यांत लिहा.